ऑर्फर्डचा किल्ला: तट गेला, मनोरा राहिला

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात ऑर्फर्ड नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या कडेला, गवत माजलेल्या खंदकांच्या मधोमध सुमारे ९० फूट उंचीचा एकच मनोरा उभा आहे. मुळात एवढंच बांधलं असावं असं कोणालाही वाटेल. पण हा नुसता बालेकिल्ला. त्याच्याभोवती तटबंदी होती, तटाला बुरूज होते, दरवाजा होता. आज त्या सगळ्याच्या जागी फक्त जमिनीतले चढउतार दिसतात.

किल्ला बांधला राजा दुसऱ्या हेन्रीने, आणि तो बांधायला लावला ह्यू बिगॉड या सरदाराने, असं म्हणायला हरकत नाही. हेन्री ११५४ मध्ये गादीवर आला, त्याआधीच्या यादवीत या बिगॉडने सोयीप्रमाणे बाजू बदलत आपलं बस्तान बसवलं होतं. हेन्रीने त्याचे किल्ले काढून घेतले. ११६५ मध्ये फ्रॅमलिंगहॅम आणि बंगी हे दोन किल्ले परत दिले, पण एक हजार पौंड उकळून. आणि त्याच वर्षी फ्रॅमलिंगहॅमपासून दहा-बारा मैलांवर, समुद्राकाठी ऑर्फर्डला काम सुरू केलं. ११७३ पर्यंत १,४१३ पौंड खर्ची पडले. राजाच्या जमाखर्चाच्या चर्मपत्रांत त्याची वर्षवार नोंद आहे. म्हणजे बिगॉडवर पहारा ठेवणाऱ्या किल्ल्याचा बराचसा खर्च खुद्द बिगॉडच्या पैशातून निघण्याजोगा होता! ११७३ मध्ये त्याने बंड केलंच. ते फसलं, आणि फ्रॅमलिंगहॅमची तटबंदी हेन्रीने पाडून टाकली.

मनोऱ्याची घडण मात्र विलक्षण. आतून गोल, बाहेरून अनेक पैलूंचा, आणि त्याला बिलगलेले तीन चौकोनी बुरूज. स्थानिक दगड ठिसूळ, म्हणून कोरीव कामासाठी फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या काँ या गावचा चुनखडक जहाजांतून आणला. आत एकावर एक दोन गोल दिवाणखाने, भिंतीच्या जाडीत स्वयंपाकघरं, प्रवेशद्वाराच्या वर प्रार्थनाघर, तळघरात विहीर. एका बोळात भिंतीतच केलेली मुतारीसुद्धा आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या किल्लेदाराची ही सोय पाहिली की राजा, बंड, दंड हे सगळं क्षणभर बाजूला पडतं.

बार्थोलोम्यू डी ग्लॅनव्हिल किल्लेदार असतानाची एक गोष्ट कॉगशॉलच्या राल्फ नावाच्या मठाधिपतीने लिहून ठेवली आहे. कोळ्यांच्या जाळ्यात एक नागडा, केसाळ, दाढीवाला माणूस सापडला. त्याला किल्ल्यात ठेवलं. कच्चे मासे दिले तर हातांनी पिळून पाणी काढायचा आणि मग खायचा. उलटा टांगून छळलं तरी तोंडातून शब्द निघाला नाही. एकदा समुद्रात जाळ्यांची तिहेरी रांग लावून त्याला पोहायला सोडलं. तो खालून निसटला आणि थोड्या वेळाने आपणहून परत आला. पुढे मात्र पळाला तो कायमचा. तो कोण होता, यापेक्षा बोलत नाही म्हणून त्याला टांगणारी माणसं जास्त लक्षात राहतात.

१३३६ मध्ये तिसऱ्या एडवर्डने किल्ला रॉबर्ट उफर्ड या सरदाराला देऊन टाकला आणि किल्ल्याचं राजकारणातलं महत्त्व संपलं. किनाऱ्याला समांतर वाढत गेलेल्या वाळू-गोट्यांच्या दांड्याने बंदरही मागे पडलं. तटबंदीचा दगड हळूहळू गेला. आपल्याकडच्या पडक्या गढ्यांचं होतं तेच इथंही झालं. तटाचा शेवटचा मोठा तुकडा १८४१ मध्ये कोसळला.

मग मनोराच का वाचला? १८०५ मध्ये मालक, हर्टफर्डचा मार्क्विस (उमराव), तोही पाडायला निघाला होता. सरकारने त्याला थांबवलं. कारण इतिहासप्रेम नव्हे. हॉलंडकडून येणारी जहाजं हा मनोरा खूण म्हणून धरत आणि वाळूच्या उथळ पट्ट्यांपासून दूर राहत. तो गेला असता तर जहाजं रुतली असती.

१९२८ मध्ये सर आर्थर चर्चमन यांनी किल्ला विकत घेऊन गावाच्या विश्वस्तांना दिला, १९३० मध्ये तो लोकांसाठी उघडला. दुसऱ्या महायुद्धात वरच्या एका बुरुजावर रडार बसवलं होतं. समोरच्या ऑर्फर्डनेसच्या दांड्यावर जहाजांसाठी खास बांधलेला १७९२ चा दीपस्तंभ समुद्राने किनारा खात आणल्यामुळे २०२० मध्ये उतरवावा लागला. मनोरा जागेवर आहे.