उद्योगाचे वित्तीय जीवनचक्र

कंपनी वाढते, जुनी होते, तसे तिचे भांडवल उभारण्याचे मार्ग बदलतात. या क्रमाला वित्तीय जीवनचक्र म्हणतात. ॲलन बर्जर आणि ग्रेगरी उडेल या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. तिचा गाभा माहितीत आहे: नव्या धंद्याची खात्री बाहेरच्याला पटत नाही, म्हणून पहिला पैसा घरचाच लागतो. ताळेबंद आणि परतफेडीची नोंद साठली की बँक, मग गुंतवणूक फंड आणि शेवटी शेअर बाजार.

पुण्यात याची पहिली पायरी भोसरीच्या एमआयडीसीत पाहावी. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सुटे काम, करणारा नोकरीतली शिल्लक आणि घरातले दागिने यांवर पहिले लेथ घेतो. कच्चा माल गिऱ्हाईक कंपनीने पुरवला तर तेवढे खेळते भांडवल वाचते. पुढे सहकारी बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तसे उचलता येणारे कर्ज) मिळते. मंजूर मर्यादा कितीही असो, प्रत्यक्ष उचल दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरते: शिल्लक माल आणि येणी धरायची, मालाचे देणे वजा करायचे, मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा हिस्सा, कापायचे, उरेल ती ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलीची मर्यादा. फार जुनी येणी बँक धरत नाही. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाने बिल रखडवले की पैसेही अडकतात आणि उचलही घटते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण उद्याची ऑर्डर ज्याच्याकडून हवी, त्याच्यावर दावा कोण लावणार?

पुढचे टप्पे सगळेच गाठतात असे नाही. दुरुस्तीच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीने २०१० मध्ये सिक्वोया या गुंतवणूक फंडाचे भांडवल घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली; पाठ्यपुस्तकात शोभेल असा हा प्रवास. उलट १९६६ ची सीरम इन्स्टिट्यूट जगभर लसी पुरवूनही बाजारात नोंदलेली नाही. मायर्स आणि मजलूफ या वित्त-अभ्यासकांच्या १९८४ च्या सिद्धांतानुसार कंपन्या आधी स्वतःची शिल्लक, मग कर्ज आणि अगदी शेवटी नवे शेअर असा क्रम पाळतात. बाहेरच्या गुंतवणूकदाराला शेअरची खरी किंमत कळत नाही, हे कारण ते देतात. मालकी हातची जाण्याची धास्ती त्यांच्या सूत्रात नाही. कुटुंबाच्या धंद्यात मात्र वयापेक्षा तीच जास्त निर्णायक ठरते.

प्रौढ कंपनीत पैशाची दिशाच फिरते. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०२४ मध्ये प्रत्येकी १०,००० रुपये दराने, ४,००० कोटींपर्यंतचे स्वतःचेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले.