काशेचेवानमधलं दूध आणि कामाचं नसलेलं ऊन

ऊन भरपूर म्हणजे व्हिटॅमिन डी फुकट, असं आपलं गणित. कॅनडातल्या उत्तर ऑन्टारिओत, जेम्स बेजवळ काशेचेवान नावाचं क्री आदिवासींचं गाव आहे, तिथं हे गणित चालत नाही. गाव ५२ अंश उत्तरेला, हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की किरणं हवेतून तिरकी, लांबचा रस्ता कापत येतात आणि कातडीला व्हिटॅमिन डी बनवायला लागणारी यूव्हीबी, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं, ओझोनमध्येच अडकते. कॅनडातलंच एडमंटन शहरही साधारण त्याच पट्ट्यात, तिथं १९८८ मध्ये हे तपासलं तर ऑक्टोबर ते मार्च काहीच बनत नाही असं दिसलं.

मग उरतं ताट. कॅनडात दुधात व्हिटॅमिन डी घालणं सक्तीचं आहे, म्हणजे शाळेत दूध दिलं की झालं ना? पण गावाला बारमाही रस्ता नाही, उन्हाळ्यात बार्ज म्हणजे सपाट मालवाहू बोट, कडाक्याच्या थंडीत काही आठवडे बर्फावरचा रस्ता, बाकी सगळं विमानाने. आणि दूध म्हणजे बहुतेक पाणीच, वर नासणारं, म्हणजे पाण्याचं विमानभाडं भरायचं! कोल्ड्रिंक नासत नाही, त्यामुळे ते दुकानात कायम हजर.

तरी इथल्या शाळेत दूध, चीज वगैरे स्नॅक म्हणून देऊन बघितलं. आठवड्याभरात मुलांच्या खाण्यातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी वाढलं, वर्षाने मोजलं तर परत जैसे थे. मला यात पोरांचा दोष दिसत नाही, रोज वाढायला माणसं, फ्रीज, पैसे लागतात, आणि हे गाव तर नदीचा बर्फ फुटून पूर येईल म्हणून कित्येकदा वसंतात रिकामं करावं लागतं.

दुधाला कॅनडात एक वाईट इतिहासही आहे. आदिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळांत १९४८ ते १९५२ आहाराचे प्रयोग झाले, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अल्बर्नीच्या शाळेत तर मुलांना दोन वर्षं मुद्दाम कमी दूध दिलं, फक्त तुलनेसाठी. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी २०१३ मध्ये हे लोकांसमोर आणलं. घरच्यांनी शाळेच्या ताटाकडे संशयाने बघितलं तर नवल नाही.

शिवाय दूध हे क्रींचं मूळचं अन्न नाहीच, त्यांचं म्हणजे मूस (मोठं हरीण), मासे, निस्का म्हणजे रानहंस. माशांच्या चरबीत व्हिटॅमिन डी असतंच, रानहंसाच्या मांसात लोह. वसंतात निस्का परत आले की इकडच्या शाळांना सुट्टी पडते, त्याला गूज ब्रेक म्हणतात, आणि पोरं आजोबांबरोबर शिकारीला जातात.