शेवटचं स्टेशन कितवं?

नागपूरच्या मेट्रोत झिरो माईलहून उत्तरेकडे निघालं की ओळीनं येतात कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम, कडबी चौक आणि इंदोरा चौक. झिरो माईल धरून ही पाच नावं मी प्रोग्रामिंगच्या वर्गात ॲरेमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांच्या यादीत, भरायला देते आणि शेवटचं नाव काढायला सांगते. बहुतेक जण पाचवा क्रमांक मागतात. आम्ही वापरतो ती जावास्क्रिप्ट भाषा मुकाट्यानं ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘इथे काही नाही’, असं परत करते, आणि मुलं पडद्याकडे बघत राहतात.

मग मी झिरो माईलच्या खांबाची आठवण करून देते. तिथून मैल मोजायचे, तर खांब स्वतः शून्यावर. ॲरेतला क्रमांकही असाच अंतर सांगतो. मेमरीत ॲरेची घरं एकमेकांना लागून असतात. हव्या घराचा पत्ता म्हणजे पहिल्या घराचा पत्ता, अधिक क्रमांक गुणिले एका घराची जागा. पहिलं घर शून्य अंतरावर, म्हणून पाचवं चारवर. मोजणी शून्यापासूनच का हवी, यावर संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक सुरेख टिपण लिहिलं होतं.

म्हणजे शेवटच्या घरासाठी ‘लांबी वजा एक’. हे दर वेळी हातानं लिहिताना कुणी तरी ‘वजा एक’ विसरतंच. म्हणून लोक ‘लास्ट’ नावाचं छोटं फंक्शन करून ठेवतात. लोडॅश या जावास्क्रिप्टच्या तयार फंक्शनांच्या संग्रहात ते आयतं मिळतं. पायथॉन भाषेत उणे एक हा क्रमांक दिला की शेवटचा घटक हाती येतो. जावास्क्रिप्टमध्ये कंसात उणे एक लिहिलं, तर ती ‘-१’ नावाचा गुणधर्म शोधत बसते, कारण तिथे ॲरे हाही एक ऑब्जेक्टच, म्हणजे नावं दिलेल्या गुणधर्मांचा संच. ‘ॲट’ ही पद्धत २०२२ च्या मानकात आली, तेव्हा कुठे उणे एक चालू लागलं.

मुलं ‘पॉप’सुद्धा वापरून बघतात. शेवटचं नाव मिळतं, पण यादीतून गळतंही! इंदोरा चौक गायब.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो रिकाम्या यादीचा प्रश्न. लांबी शून्य, वजा एक केलं की उणे एक. पायथॉन इथे चूक दाखवून थांबतं, जावास्क्रिप्ट पुन्हा ‘अनडिफाइन्ड’ देते, आणि सी भाषेत तर ॲरेबाहेरच्या मेमरीत हात जातो. म्हणून मुलांनी फंक्शन लिहून आणलं की मी आधी त्याला रिकामी यादीच देते.