रात्री वरून जाणारे पक्षी: मोजायचं काय, कॉल की पक्षी?

1896 च्या सप्टेंबरात अमेरिकेत मॅडिसनजवळच्या टेकडीवर बसून एका माणसाने रात्री वरून जाणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांचे उडतानाचे आवाज, म्हणजे कॉल, नुसत्या कानाने मोजले, एका रात्रीत 3,800. आवाज टेपवर धरायला 1950 चं दशक संपत आलं, इलिनॉयमध्ये. मग 1985 मध्ये मिनेसोटात सेंट क्रॉय नदीच्या कड्यावर एका तरुणाने रात्री डोक्यावरून कोकिळेच्या जातीतले पक्षी ओरडत जाताना ऐकले आणि त्याने पुढची सगळी वर्षं ह्याच कामाला वाहिली. त्याचा माईक म्हणजे प्लास्टिकची कुंडी, आत माईक, तोंडावर पाऊस लागू नये म्हणून ताणून बसवलेलं पातळ प्लास्टिक, की ठेवा गच्चीवर आकाशाकडे तोंड करून. खरं काम त्यानंतरचं, कारण वार्बलर या चिमुकल्या पक्ष्याचा उडतानाचा कॉल सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही छोटा असतो, तो कुणाचा हे ठरवायला स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, एकेक रेघ बघत बसायला लागतं. 2002 मध्ये 200 हून जास्त जातींचे असे कॉल सीडीवर आले तेव्हा कुठे बाकीच्यांना ताडून बघायला काहीतरी मिळालं.

आता गोंधळ कुठे होतो तर आकड्यात. "काल रात्री 900 थ्रश (कस्तुराच्या जातीतले पक्षी) गेले" असं लोक बिनधास्त लिहितात, पण माईकला 900 कॉल मिळाले, पक्षी किती ते कुणी बघितलेत? एकच पक्षी दहा वेळा ओरडतो, आणि व्हिरिओ आणि फ्लायकॅचर हे तिकडचे छोटे पक्षी रात्री जवळजवळ गप्पच जातात, म्हणजे ते यादीत येतच नाहीत. आपल्याकडे गच्चीवर रेकॉर्डर ठेवलात तर पहिली टिटवीच सापडेल, ती इथलीच, स्थलांतराशी संबंध नाही, आणि तीच एक घिरट्या घालत वीस वेळा ओरडून जाईल.

त्यात दिव्यांची भर. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात जे झोत सोडतात त्यावर सात वर्षं लक्ष ठेवून 2017 मध्ये अभ्यास छापला गेला: झोत चालू असले की पक्षी तिथेच गोल फिरत राहतात, जास्त ओरडतात, बंद केले की काही मिनिटांत पांगतात. म्हणजे शहरातला मोठा आकडा हा कित्येकदा जास्त पक्ष्यांचा नसून अडकलेल्या पक्ष्यांचा असतो. 2019 मध्ये शिकागोतून त्याहून वाईट कळलं, इमारतींवर आपटून मेलेले जवळपास 70 हजार पक्षी तपासले तर रात्री कॉल देणाऱ्या जाती जास्त मरतात असं निघालं, बहुतेक एकाच्या आवाजाने दुसराही उजेडाकडे ओढला जातो. म्हणून मला वाटतं की शहरातल्या आणि अंधाऱ्या गावातल्या आकड्यांची तुलना करूच नये, आणि नोंदीत कॉल आणि अंदाजे पक्षी हे वेगळे लिहावेत. आता तर कॉम्प्युटर प्रत्येक चिवचिवाटावर खूण करून देतो, त्यामुळे मोठे आकडे अजूनच सोपे झालेत.

पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये इंग्लंडात घरोघरी लोक रात्री कान लावून बसले तेव्हा वेगळंच हाती लागलं. कॉमन स्कोटर ही काळी समुद्री बदकं, तिथे एरवी बहुतेक किनाऱ्याजवळच दिसणारी, पण एप्रिलच्या सुरुवातीला समुद्रापासून लांबच्या गावांतही लोकांनी त्यांच्या शिट्ट्या ऐकल्या, पश्चिम किनाऱ्यावरून जमिनीवरून सरळ उत्तर समुद्राकडे. तिथे किती बदकं हा प्रश्न फार नव्हताच, कुठल्या गावावरून किती वाजता गेली एवढं पुरलं.