समुद्रावरचे फुगे आणि चौकटींचा नकाशा

ऑगस्टात मराठवाड्यात पावसाने ओढ दिली, सोयाबीन फुलोऱ्यावर असताना उघडीप लांबली, की अंदाजात 'एमजेओ' (मॅडन-ज्युलियन दोलन) हे नाव येतंच. विषुववृत्तालगत ढगांचा एक प्रचंड पट्टा हिंद महासागरावर उभा राहतो, पूर्वेकडे सरकतो आणि साधारण 30 ते 60 दिवसांनी पुन्हा उगवतो. तो कुठे आहे यावर आपल्याकडच्या झडीचा आणि खंडाचा बराच हिशोब अवलंबून असतो. खंडाचं हे एकमेव कारण नव्हे, पण दोन-तीन आठवडे आधी काही सांगता येतं ते बहुतांशी याच्या जोरावर.

हा पट्टा पहिल्यांदा सापडला तो उपकरणं बांधून सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदींत. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी 1971 मध्ये प्रशांत महासागरातल्या कँटन बेटावरच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पूर्व-पश्चिम वाऱ्यात 40 ते 50 दिवसांची लय दिसली. एका ठिकाणच्या नोंदींतून लय कळते. ढगांनी किती उष्णता सोडली आणि कोणत्या उंचीवर, हे मात्र कळत नाही. त्यासाठी हवा किती वेगाने वर जाते ते लागतं, आणि तिथेच अडतं. फुगा स्वतः सेकंदाला 5 मीटर वेगाने चढतो, तर विस्तीर्ण भागातली हवा वर उचलली जाते ती सेकंदाला जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर. ही गती थेट मोजता येत नाही. म्हणून भोवती तीन-चार ठिकाणी फुगे सोडायचे, त्या घेऱ्यात किती हवा आत आली आणि किती बाहेर गेली ते काढायचं, आणि फरक वर गेला असं धरायचं.

अशा विखुरलेल्या नोंदी नकाशावरच्या समान चौकटींवर बसवण्याची रीत मध्य अक्षांशांसाठी तयार झाली. बर्गथॉरसन आणि ड्योस यांनी 1955 मध्ये, क्रेसमन यांनी 1959 मध्ये ती मांडली. क्रेसमन यांच्या रीतीत आधी एक अंदाजी नकाशा घेतात, मग प्रत्येक ठिकाणी नोंद आणि अंदाज यांतला फरक काढून आसपासच्या चौकटींत वाटतात. वाटणी अंतरावर ठरते: प्रभावाची त्रिज्या जेवढी ठरवली असेल तिच्या निम्म्या अंतरावर वजन 0.6, टोकाला शून्य. मग त्रिज्या कमी करत पुन्हा तेच. जिथे त्रिज्येत एकही ठाणं नाही, तिथे मूळ अंदाजच शिल्लक राहतो, आणि छापलेल्या नकाशात तो खऱ्या नोंदीसारखाच दिसतो.

युरोप-अमेरिकेत वाऱ्याची नोंद चुकली तर हवेच्या दाबावरून ती बरीचशी सावरता येते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम जवळपास नाहीसा होतो, त्यामुळे दाब आणि वारा यांचं ते नातं सुटतं. तिथे वाराच अचूक मोजावा लागतो. किती अचूक? 500 किलोमीटर अंतरावर सेकंदाला 1 मीटरची चूक राहिली, तर 100 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक; उंचीही त्यातच मोजतात) जाडीच्या थरात दिवसाला सुमारे 17 हेक्टोपास्कलची खोटी ऊर्ध्वगती, म्हणजे हवा वर जाण्याची गती, तयार होते. तीच चूक एकाच बाजूने पाच थरांत राहिली तर 85. जोरदार पावसात खरी गती 100 ते 200 असते. सुट्या चुका एकमेकींना खातात, कायमची चूक मात्र साचत जाते. म्हणून भूपृष्ठाशी आणि ढगांच्या वर सुरू होणाऱ्या स्थितांबराच्या सीमेजवळ ऊर्ध्वगती शून्य धरतात आणि उरलेली तफावत मधल्या थरांत वाटून टाकतात. ओ'ब्रायन यांची 1970 ची ही युक्ती आजही वापरात आहे.

यानाई आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये मार्शल बेटांवरच्या नोंदींतून ढगांनी दिलेली उष्णता आणि शोषलेली वाफ यांचा ताळेबंद मांडला. त्या नोंदी 1956 च्या, म्हणजे तिथल्या अमेरिकी अणुचाचण्यांच्या काळातल्या. समुद्रावर इतकी दाट मोजणी एरवी कोण करतो? मुद्दाम हवामानासाठी झालेली मोठी मोहीम म्हणजे 1974 ची 'गेट', अटलांटिकमध्ये सुमारे 40 जहाजं घेऊन. आपल्या बाजूला 1979 ची मोनेक्स ही मान्सूनची मोहीम झाली.

1992-93 मध्ये पश्चिम प्रशांतात 'टोगा कोअर' ही मोहीम झाली आणि वेगळीच भानगड निघाली. रेडिओसोंडच्या, म्हणजे फुग्याला बांधलेल्या उपकरणाच्या, वेष्टनातून सुटणारी रसायनं आर्द्रतेच्या संवेदकावर बसत होती. उपकरण जितके दिवस पडून, तितकी नोंद कोरडी. त्या आकड्यांवरून ढगांना मिळणारी ऊर्जा फार कमी निघायची, बाहेर मात्र धो धो पाऊस. दुरुस्ती करून सगळं विश्लेषण पुन्हा करावं लागलं.

हिंद महासागरातली मोठी मोजणी 2011-12 ची, 'डायनॅमो'. कोलंबो, मालदीवमधलं माले आणि गान बेट, आणि विषुववृत्तावरचं 'रेव्हेल' जहाज यांचा उत्तरेकडे चौकोन. दक्षिणेकडच्या चौकोनात गान, रेव्हेल, 'मिराई' जहाज आणि दिएगो गार्सिया बेट. गान आणि जहाजांवरून दर तीन तासांनी फुगा, इतरत्र कमी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस एमजेओचे दोन पट्टे यांवरून गेले. नोंदी 25 हेक्टोपास्कलच्या पायऱ्यांत आणि 1 अंशाच्या चौकटींत बसवल्या. एक चौकट म्हणजे साधारण 12 हजार चौरस किलोमीटर. मराठवाड्याचे आठही जिल्हे अशा पाच-साडेपाच चौकटींत बसतात. उत्तर चौकोनात तर जवळपास आठ मराठवाडे मावतील, आणि कोपऱ्यांवर फुगे चार. महसूल मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर शेजारच्या गावचा पाऊस ठरवताना काय होतं, ते इथे कुणाला समजावून सांगायला नको.

आकडे चौकटीत टाकण्याआधीची साफसफाई किचकट असते. जहाजाचा तापलेला डेक पहिल्या काही मीटरचं तापमान वाढवतो. ढगातून ओला होऊन बाहेर आलेला संवेदक बाष्पीभवनाने थंड होतो आणि तिथे अशक्य वाटावी अशी तापमानाची उतरण दिसते. दिवसा ऊन लागून आर्द्रता कमी नोंदली जाते, म्हणून सूर्य किती वर होता त्यावरून दुरुस्ती करतात. शेवटची पडताळणी पावसाने: वाफेच्या ताळेबंदातून निघालेला पाऊस उपग्रह आणि रडारच्या पावसाशी ताडून पाहतात. रोजचा 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे वाफेचं पाणी होताना सुटलेली चौरस मीटरला सुमारे 29 वॅट उष्णता, हा हिशोब सगळीकडे लागतो.

कोलंबोने वेगळा घोळ घातला. उपकरण ठीक, नोंदही खरी. पण बेटाच्या मधोमध अडीच हजार मीटरपर्यंतचे डोंगर असल्याने खालच्या थरातला वारा अडून वळलेला. हा स्थानिक वारा विश्लेषणाने इमानेइतबारे समुद्रावरच्या चौकटींत पसरवला आणि उत्तर चौकोनाची ऊर्ध्वगती बिघडली. बेटाचा परिणाम कमी करून सुधारलेल्या नोंदी 2014 मध्ये प्रसिद्ध झाल्या. ही आकडेवारी कुणी वापरणार असेल तर त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी, आणि चौकोनाच्या आतली सरासरी वापरावी. कडेची सुटी चौकट नको. डिसेंबरमध्ये मिराई निघून गेलेलं असल्याने दक्षिण चौकोनाचा एक कोपरा रिकामा होता. त्या दिवसांचे तिथले आकडे दिसायला तितकेच भरलेले असतात, पण मोजणी म्हणून ते धरू नयेत.