जिताड्यासाठी रीळ केवढं घ्यावं?

कोकणच्या खाड्यांवर गरवणाऱ्यांच्या हातात तंगुसाच्या (नायलॉनच्या एकेरी दोरीच्या) गुंडाळीबरोबर आता रॉड आणि रीळही दिसू लागलंय. जिताड्याच्या नादी लागलेले बरेच जण थोड्या अनुभवानंतर स्पिनिंग रिळावरून बेटकास्टिंग रिळाकडे वळतात आणि दुकानात गेल्यावर अडतात ते आकारापाशी. डब्यांवर १००, १५०, २००, ३००, ४०० असे आकडे असतात. ‘जिताडा दांडगा मासा, तेव्हा मोठंच घे’ हा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते खाडीत गरवणाऱ्याचे पैसे आणि उमेद दोन्ही याच सल्ल्यापायी वाया जातात. रीळ केवढं हवं हे आधी फेकायच्या आमिषाच्या वजनावरून ठरतं, मग दोरीवरून, आणि माशाचं वजन त्यानंतर येतं. असं का, ते शाळेतल्या भौतिकशास्त्राने उलगडतं.

हे रीळ मुळात गोड्या पाण्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाकांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की दोरीचं चाक अनेकदा फिरायचं. ते वापरलं जाऊ लागलं तिथल्या ब्लॅक बास या माशांसाठी. त्यांतल्या लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम १९३२ सालचा, जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या माशाचा, म्हणजे साधारण १०.१ किलो. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. नेहमी मिळणारा बास मात्र एक-दोन किलोच्या आसपासचा.

आपला जिताडा म्हणजे लॅटिस कॅल्करिफर, गोव्याकडचा चोणक. इंग्रजी नावात ‘सी बास’ असलं तरी अमेरिकन बासशी त्याचं जवळचं नातं नाही, दोघांची कुळं वेगळी. शिकारीची रीत मात्र जुळते. दोघेही आडोशाला दबा धरतात आणि जबडा एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. बास बुडालेल्या ओंडक्याखाली, तर जिताडा तिवराच्या मुळांत, पुलाच्या खांबाशी किंवा उघाडीच्या (खारबांधातल्या झडपेच्या) तोंडाशी. म्हणून आमिष नेमक्या हातभर जागेत टाकता येणारं बेटकास्टिंग रीळ इथेही चपखल बसतं. फरक असा की जिताडा कितीतरी मोठा होतो, मुळांना चिकटलेली कालवं दोरी कापतात, आणि पाणी खारट असतं.

स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं चाक, स्थिर असतो, दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. बेटकास्टिंग रिळात स्पूल स्वतः फिरतो आणि त्याला फिरवतं ते उडत निघालेलं आमिष. सगळी गोष्ट इथे आहे. आमिष जड असेल तर ते स्पूलला सहज ओढून नेतं. ते हलकं आणि स्पूल जड असेल, तर आमिषाची बरीचशी ऊर्जा स्पूल फिरवण्यातच खर्ची पडते.

डब्यावरचा आकडा मिलिमीटर किंवा ग्रॅम सांगत नाही. तो कंपनीने दिलेला क्रमांक आहे, आणि एकीचं १५० दुसरीच्या १५०शी जुळेलच असं नाही. पण आकडा वाढतो तसा स्पूल मोठा होत जातो, आणि स्पूलच्या त्रिज्येवर बाकीचं बहुतेक सगळं अवलंबून असतं. हिशेबासाठी दोन स्पूल घेऊ. धाकट्याची भरलेली त्रिज्या १७ मिलिमीटर, आतल्या गाभ्याची ११, रुंदी २२. थोरल्याची अनुक्रमे २१, १४ आणि २५. पहिला साधारण १५० आकाराच्या रिळातला समजा, दुसरा ३००च्या आसपासचा.

०.३० मिलिमीटर जाडीची ब्रेडेड, म्हणजे तंतू विणून केलेली दोरी धाकट्यात सुमारे १३० मीटर मावते, थोरल्यात सुमारे २१० मीटर. आता वजन पाहा. ब्रेडची दोरी पॉलिइथिलीनच्या तंतूंची, पाण्यापेक्षा किंचित हलकी. धाकट्यावर ती जेमतेम ९ ग्रॅम भरेल, थोरल्यावर १५ ग्रॅमच्या आत. फरक किरकोळ वाटतो. पण फिरणाऱ्या वस्तूत वस्तुमान आसापासून किती लांब आहे याला महत्त्व असतं, आणि तेही अंतराच्या वर्गाने. त्यामुळे नुसत्या दोरीचं जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरवलं जाण्याला होणारा तिचा विरोध, थोरल्या स्पूलमध्ये धाकट्याच्या अडीचपट होतं. मोठा स्पूल त्याच वेगाला कमी फेरे घेतो हे खरं, पण तो फायदा वजा केला तरी त्याला फिरवायला सुमारे १.७ पट ऊर्जा लागते.

हेच आमिषाच्या बाजूने पाहिलं तर चित्र स्वच्छ होतं. धाकट्या स्पूलवरची दोरी फिरवणं हे आमिषाला ६ ग्रॅमचं ओझं सोबत ओढण्यासारखं पडतं, थोरल्यावर साडेदहा ग्रॅमचं. स्पूलच्या धातूचा भार वेगळाच. तुम्ही ४० ग्रॅमचं आमिष फेकत असाल तर साडेदहा ग्रॅमची फिकीर नको. पण १० ग्रॅमची छोटी रबरी कोळंबी तिवराखाली सारायची असेल, तर आमिषाइतकंच वजन रिळात अडकून बसलेलं असतं. मोठं रीळ घेतलेल्याची फेक आखूड का पडते आणि वर गुंता का होतो, याचं कारण हे आहे.

गुंत्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण नवखे लोक त्यालाच घाबरून हे रीळ सोडून देतात. आमिष सेकंदाला २० मीटर वेगाने निघालं असं धरा. धाकट्या स्पूलचा परीघ सुमारे १०७ मिलिमीटर, म्हणजे स्पूलला मिनिटाला ११ हजारांवर फेरे घ्यावे लागतात. हवेच्या विरोधाने आमिषाचा वेग लगेच घटायला लागतो. स्पूलला मात्र ते कळत नाही, तो जडत्वाने आधीच्याच वेगात फिरत राहतो आणि बाहेर जाणाऱ्या दोरीपेक्षा जास्त दोरी सोडतो. अंगठा स्पूलवर अलगद ठेवून पाहिलंत तर गुंता होण्याआधीचा क्षण ओळखता येतो. घट्ट बसलेले वेढे सैल होऊन वर उचलले जातात, अंगठ्याच्या कातडीला दोरीची फुगलेली कड हुळहुळते. तेवढ्यात हलका दाब दिला तर फेक वाचते. पुढच्या क्षणी सैल वेढे फिरत्या वेढ्यांखाली दबतात आणि जाळं तयार होतं.

अंगठ्याच्या मदतीला ब्रेक असतात. चुंबकी ब्रेकमध्ये ॲल्युमिनियमचा स्पूल चुंबकांजवळून फिरतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबकी क्षेत्रात फिरताना त्यात भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात आणि ते फिरण्यालाच विरोध करतात. हा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये बारीक ठोकळे वेगाबरोबर बाहेर सरकून कड्यावर घासतात, आणि त्यांचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून ते फेकीच्या सुरुवातीला कडक धरतात आणि शेवटी जवळजवळ सोडून देतात. कोकणात दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात. किनाऱ्यावरून त्यांच्या तोंडावर फेकताना आमिष लवकर मंदावतं, तेव्हा ब्रेक वाढवायचा. पहाटे मतलई वारा पाठीशी असतो, तेव्हा तोच ब्रेक बराच सैल करता येतो.

मग मोठा स्पूल घ्यायचाच कधी? याचं उत्तर ड्रॅगमध्ये आहे. ड्रॅग म्हणजे मासा जोरात पळाला तर दोरी तुटण्याआधी स्पूल घसरू देणाऱ्या चकत्या. चकत्यांचं घर्षण ठरावीक आघूर्ण, म्हणजे फिरण्याला अडवणारा जोर, देतं, आणि दोरीवरचा ताण म्हणजे ते आघूर्ण भागिले त्या क्षणाची त्रिज्या. मासा दोरी नेतो तशी त्रिज्या घटते, ड्रॅगला हात न लावता ताण वाढत जातो. आपल्या दोन्ही स्पूलांवर ३ किलोचा ड्रॅग लावला आणि जिताड्याने ६० मीटर दोरी नेली, तर धाकट्याची त्रिज्या १७वरून साडेचौदावर येते आणि ताण साडेतीन किलोवर जातो. थोरल्यावर तो सव्वातीनच राहतो. शिवाय पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दोरीचा विरोध त्यात मिसळतो. म्हणून ड्रॅग दोरीच्या क्षमतेच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा ठेवायची रीत आहे. बारक्या ताणकाट्याने मोजून लावावा, नुसत्या हाताच्या अंदाजाने नव्हे.

तरीही खाडीत ६० मीटर दोरी देण्याची वेळ यावी असं मला वाटत नाही. तिवरात शिरलेला जिताडा पहिल्या चार-पाच मीटरांतच रोखावा लागतो, नाहीतर दोरी कालवांवर जाते. तिथे दोरीचा साठा कामाचा नसून घट्ट ड्रॅग आणि मजबूत गिअर कामाचे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड हाताला लावून पाहिली तर पातीसारखी लागते. पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडल्याशिवाय ब्रेड त्याच्यापुढे टिकत नाही. लढत आखूड ठेवण्याला आणखी एक कारण आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे खूप मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. त्या अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे जातात. अशी मादी थकून अर्धमेली न होता परत सोडता आली, तर पुढच्या वर्षांचे जिताडे त्यातूनच येणार.

दात्यांचं प्रमाण लोक फार मनावर घेतात. ६.३ म्हणजे मूठ एकदा फिरवली की स्पूल ६.३ वेळा फिरतो. धाकट्या भरल्या स्पूलवर तेवढ्यात सुमारे ६७ सेंटिमीटर दोरी आत येते, ८.१ प्रमाण असेल तर ८६. पण ६० मीटर दोरी बाहेर असताना ६.३वाली मूठ ५७ सेंटिमीटरच आणते. जास्त प्रमाणाने दोरी भराभर येते, ओढण्याचा जोर मात्र कमी मिळतो. ओहोटीच्या धारेत आमिष आपल्याकडे वाहत येत असेल तर सैल दोरी चटकन उचलायला ७च्या आसपासचं प्रमाण सोयीचं. पाण्यात जोराने थरथरणारी मोठी आमिषं ओढायला ५ ते ६ बरं.

आता निवड. अमेरिकेतल्या तळ्यांवर बाससाठी सर्रास १५० ते २०० वापरतात, बारीक आमिषांना १०० किंवा त्याहून लहान, आणि वीतभर लांबीच्या नकली माशांना ३०० ते ४००. कोकणच्या खाडीत १० ते ३० ग्रॅमची आमिषं फेकणाऱ्याने १५० किंवा २००च घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. असं रीळ साधारण २०० ग्रॅमचं असतं आणि दिवसभर तळहातात मावतं. वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या मुखाशी उधाणाच्या धारेत ४० ग्रॅमच्या पुढची आमिषं सोडायची असतील, जाड दोरी भरायची असेल, तर ३०० समर्थनीय आहे. भांगाच्या दिवसांत धार मंद असते, तेव्हा तिथेही धाकटं पुरतं. ७ ग्रॅमच्या खाली मात्र सरळ स्पिनिंग रीळ वापरा.

खोक्यावरचा क्रमांक बाजूला ठेवून दोरीची क्षमता वाचा, आणि ती कुठल्या जाडीला दिली आहे हे पाहा. तीच जागा ०.४० मिलिमीटरच्या तंगुसाने भरली तर धाकट्या स्पूलवर १३०ऐवजी ७२ मीटरच बसेल, कारण जाडीचा परिणाम वर्गाने होतो.

शेवटचं पाहायचं ते मिठाचं. फक्त गोड्या पाण्यासाठी बनवलेली बासची रिळं इथे एका पावसाळ्यातच कुरकुरायला लागतात. मॅग्नेशियमची चौकट हलकी असते, पण खाऱ्या पाण्यात पोलादी स्क्रूला लागून तीच आधी झिजते, कारण दोन धातू आणि मध्ये मिठाचं पाणी म्हणजे छोटा विद्युत-घटच. ॲल्युमिनियमची चौकट आणि खाऱ्या पाण्यासाठी झाकलेली बेअरिंग्ज असलेलं रीळ निवडा. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराची नको, ती मीठ आत ढकलते. मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा, म्हणजे चकत्या दबून चिकटत नाहीत.