इंजेक्शन बदललं की नजर सुधारते का?

"डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन काही लागू पडून नाही राहिलं जी, दुसरं द्या ना." यवतमाळ-गडचिरोलीकडच्या आजोबांची ही मागणी डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांच्या ओळखीची आहे. ती रास्तही असते. पण औषध बदलण्याआधी जुन्या कार्डावरच्या तारखा पाहाव्यात.

पडद्याच्या मधोमध असलेल्या मॅक्युलावर आपलं वाचणं, माणसं ओळखणं अवलंबून असतं. उतारवयात काहींच्या मॅक्युलाखाली कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेचा (एएमडी) हा ओला प्रकार. या वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला डोळ्यात दिलेलं इंजेक्शन रोखतं. औषधाचा असर महिना-दोन महिन्यांत ओसरतो, म्हणून सुरुवातीला साधारण महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं आणि पुढेही ठरल्या वेळी घ्यावी लागतात. नेमकं तिथेच बिनसतं. पेरणी येते, कापूस वेचणीला येतो, नागपूरला घेऊन जायला घरात कोणी मोकळं नसतं. तारीख हुकते, पाणी पुन्हा साचतं आणि बोल औषधाला लागतो.

दुसरी शंका निदानाची. वाहिन्यांच्या टोकाला फुगे येणारा पॉलिपॉइडल प्रकार आशियाई लोकांत जास्त दिसतो. तो नुसत्या इंजेक्शनला कधीकधी दाद देत नाही. शिरेतून रंग सोडून फोटो काढले की तो सापडतो, आणि मग काहींना जोडीला लेझरचा एक खास उपचार लागतो.

हे सगळं तपासूनही पाणी हटत नसेल, तर बदल करायला हरकत नाही. पण कशातून कशात? बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचं, खूपच स्वस्त औषध. रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी बनलेलं. २०११ साली अमेरिकेतल्या 'कॅट' चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींनी नजर जवळपास सारखीच राखल्याचं दिसलं. त्यामुळे या दोघांतल्या अदलाबदलीकडून मला तरी फार आशा वाटत नाही. अफ्लिबरसेप्ट किंवा फॅरिसिमॅब या त्यांच्यानंतर आलेल्या औषधांवर गेल्यावर ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत) सूज बऱ्याचदा उतरते. तक्त्यावरची अक्षरं मात्र त्या मानाने वाढत नाहीत, कारण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शिवाय अशा अनेक अभ्यासांत तुलनेसाठी जुन्याच औषधावर ठेवलेला गट नव्हता. तेच औषध वेळेवर देत राहिलो असतो तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही.

खेड्यातल्या माणसाचा खरा फायदा वेगळाच आहे. फॅरिसिमॅब व्हीईजीएफसोबत आणखी एक प्रथिन अडवतं आणि काही रुग्णांत दोन इंजेक्शनांमधलं अंतर १६ आठवड्यांपर्यंत नेता येतं. गडचिरोलीहून येणाऱ्याच्या खेपा, गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, सगळंच वाचतं. औषध महाग आहे, तेव्हा हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडून करावा.

ब्रोलुसिझुमॅब या औषधाने मात्र काहींच्या डोळ्यात दाह होऊन पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत. इंजेक्शन कोणतंही असो, नंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणं एकदम कमी झालं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.